विद्यार्थ्याची टिपणवही

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे सुशिक्षितांच्या घरोघरीं एकच देखावा दृष्टीस पडतो. दिवा उशिरापर्यंत जळत असतो. टेबलावर वह्यांची चळत रचलेली असते. आणि तिच्यामागें बसलेला मुलगा एक पान उलटतो, पुन्हां मागें येतो, आणि अखेरीस डोक्याला हात लावून बसतो. वह्या त्याच्याच असतात, अक्षरहि त्याचेंच असतें. पण जून महिन्यांत आपण हें काय लिहिलें आणि कां लिहिलें, याचा उलगडा मार्च महिन्यांत त्याचा त्यालाच होत नाहीं. आई म्हणते, "अरे, वर्षभर लिहीतच तर होतास !" वडील म्हणतात, "वर्गांत लक्ष नसेल दुसरें काय !" वर्षभर त्यानें लिहिलें हें खरें, आणि त्याचें लक्ष नव्हतें असेंहि नाहीं. दोष इतकाच, कीं त्यानें जें केलें त्याला टिपण काढणें म्हणत नाहींत. त्यानें नक्कल केली.

नक्कल आणि टिपण या अगदीं भिन्न क्रिया आहेत. नकलेंत शब्द कानांतून शिरतो आणि बोटांतून बाहेर पडतो. वाटेंत बुद्धीला कांहीं काम पडत नाहीं. टिपण काढणाराला ऐकलेल्या दहा वाक्यांतून एक निवडावें लागतें, त्याचा मागच्या वाक्याशीं संबंध जोडावा लागतो, आणि तो थोडक्या शब्दांत मांडावा लागतो. हें काम कष्टाचें आहे, आणि तें दोनदां करावें लागतें: एकदां वर्गांत आणि एकदां घरीं. पुष्कळ विद्यार्थी पहिल्या वेळींच थांबतात, आणि त्यांची वही अर्धी राहते ती तेथेंच. दुसऱ्यानें लिहिण्याचे हे कष्ट घेतल्यामुळें एका गरीब मुलाचें सारें आयुष्य कसें पालटलें, याचें एक उदाहरण विज्ञानाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे.

मायकेल फॅरडे हा १७९१ सालीं इंग्लंडांत एका लोहाराच्या घरीं जन्मला. लिहिणें, वाचणें आणि थोडाबहुत हिशेब, इतकेंच त्याचें शालेय शिक्षण. लहानपणींच तो लंडन शहरांत रिबो नांवाच्या पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवार म्हणून राहिला. बांधणीसाठीं येणारीं पुस्तकें तो बांधतां बांधतां वाचीत असे. १८१० सालीं टेटम नांवाचे एक गृहस्थ आपल्या घरीं पदार्थविज्ञानावर व्याख्यानें देऊं लागले. प्रवेशाला एक शिलिंग पडे. तो शिलिंग फॅरडेचा थोरला भाऊ, जो स्वतः लोहारकाम करून पोट भरीत असे, तो देई. भावाच्या घामाच्या पैशानें ऐकलेलें व्याख्यान वायां जाऊं द्यावयाचें नाहीं, असा जणूं फॅरडेनें पणच केला होता. त्यानें प्रत्येक व्याख्यानाचें टिपण काढलें, घरीं तें नीट लिहिलें, आणि आपल्याच हातानें बांधून त्याचे चार खंड केले. उपकरणांच्या आकृति बिनचूक काढतां याव्यात म्हणून रिबोच्या घरीं राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराजवळ तो रेखाटनाची कलाहि शिकला. हे खंड रिबोच्या एका गिऱ्हाइकाच्या पाहण्यांत आले, आणि त्यामुळें १८१२ सालीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हंफ्री डेव्ही या त्या काळच्या विख्यात रसायनशास्त्रज्ञाचीं चार व्याख्यानें ऐकण्याचीं प्रवेशपत्रें त्याला मिळालीं.

तेथें आपण टिपणें कशीं काढलीं, हें फॅरडेनें स्वतः सांगून ठेवलें आहे. व्याख्यान चालूं असतां तो फक्त ठळक शब्द, लहान पण महत्त्वाचीं वाक्यें, प्रयोगांचीं नांवें आणि पदार्थांचीं नांवें टिपी. घरीं आल्यावर त्यावरून दुसरें टिपण करी; तें अधिक विस्तृत, सुसंगत आणि सहज वाचतां येण्याजोगें असे. या दुसऱ्या टिपणावरून विषयाचा क्रम हातीं लागे. त्या क्रमाला धरून तो बाकीचा सारा मजकूर आपल्या आठवणींतून उभा करी आणि सबंध व्याख्यान लिहून काढी. म्हणजे कागदानें फक्त वाट दाखवावयाची, चालावयाचें स्मृतीनें ! डेव्हीच्या व्याख्यानांचीं हीं टिपणें बांधून त्यानें १८१२ च्या डिसेंबरांत एका पत्रासह डेव्हीकडे पाठविलीं. पुढें १८१३ च्या मार्च महिन्यांत आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि संस्थेच्या माडीवरील दोन खोल्या, एवढ्या वेतनावर डेव्हीच्या प्रयोगशाळेंत त्याची नेमणूक झाली. अठरा वर्षांनंतर, १८३१ सालीं, याच माणसानें चुंबकापासून विद्युत्प्रवाह उत्पन्न करून दाखविला. आज घराघरांत येणारी वीज ज्या जनित्रांत तयार होते, त्यांचें मूळ तत्त्व तेंच होय.

येथें कोणी म्हणेल, कीं फॅरडे असामान्य बुद्धीचा पुरुष. त्याची गोष्ट साधारण मुलाला काय उपयोगाची? परंतु याच फॅरडेला आपली स्मरणशक्ति दुबळी असल्याची तक्रार आयुष्यभर करावी लागली. टिपणवही ही त्याची हौस नव्हती. ती त्याची काठी होती. प्रयोगशाळेंतील रोजनिशींत १८३२ सालापासून त्यानें प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक घालण्यास आरंभ केला, आणि १८६० पर्यंत ते क्रमांक सोळा हजारांच्या वर गेले. कोणता प्रयोग फसला, कोठें शंका राहिली, हें सारें त्यांत नमूद आहे. मागचा परिच्छेद शोधावयाचा असला म्हणजे क्रमांक पुरे. ही रोजनिशी १९३२ ते १९३६ या काळांत सात खंडांत छापून निघाली. ज्याला आपलें विस्मरण ठाऊक असतें तोच चांगलीं टिपणें काढतो. आपल्याला सर्व लक्षांत राहील असें ज्याला वाटतें, त्याची वही बहुधा कोरी असते, आणि पुढें मनहि !

दुसरें टिपण त्याच दिवशीं कां लिहावें, याचें उत्तर हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें दिलें आहे. अर्थशून्य अक्षरांच्या लांबलांब याद्या तोंडपाठ करावयाच्या, आणि ठराविक काळानंतर त्याच याद्या पुन्हां पाठ करावयास किती श्रम वांचतात हें मोजावयाचें, असे प्रयोग त्यानें स्वतःवरच केले आणि १८८५ सालीं प्रसिद्ध केले. एका तासानंतर वांचलेले श्रम शेंकडा ४४ च्या आसपास आले. एका दिवसानंतर शेंकडा ३४, आणि महिन्यानंतर शेंकडा २१. अर्थपूर्ण विषय इतक्या झपाट्यानें विसरत नाहीं, हें खरें. पण विस्मरणाची रीत तीच. पहिल्या कांहीं तासांत फार मोठा भाग जातो, आणि मग जाण्याचा वेग मंदावतो. शाळेंतून आलेला मुलगा चार घांस खाऊन, थोडें खेळून, संध्याकाळीं दिवसाचीं टिपणें घेऊन बसला, तर वहींतील अर्धवट शब्द त्याला अजून बोलते वाटतात. तेंच काम रविवारावर टाकलें, कीं ते शब्द मुके होतात. प्रत्येक विषयाला दहा मिनिटें पुरतात. पण तीं दहा मिनिटें त्याच दिवसाचीं असावीं लागतात.

आतां वर्गांत टिपावें काय, हा प्रश्न. नियम सांगण्यापेक्षां एक उदाहरण घेणें बरें. समजा, इतिहासाच्या तासाला पानिपतची तिसरी लढाई चालली आहे. एक विद्यार्थी शिक्षकांच्या तोंडचें प्रत्येक वाक्य पकडण्याच्या धांदलींत आहे. सरदारांचीं नांवें, तोफा, तळाचें वर्णन, सारें तो उतरून घेतो. तीन पानें भरतात, आणि तिसऱ्या पानावर वाक्य मध्येंच तुटतें, कारण घंटा होते. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या वहींत सहाच ओळी असतात :

ऑगस्ट १७६० : भाऊसाहेबांनीं दिल्ली घेतली.

ऑक्टोबर : कुंजपुरा घेतला, पण अबदाली बागपतजवळ यमुना उतरला. म्हणून दिल्लीची व दक्षिणेची वाट बंद.

म्हणून रसद तुटली. डिसेंबर : गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेची आशा गेली.

म्हणून तळांत उपासमार. लढण्यावांचून गत्यंतर नाहीं.

१४ जानेवारी १७६१ : लढाई.

? यमुनेच्या उतारांवर पहारा कां नव्हता ?

या सहा ओळींत सर्वांत मोलाचा शब्द कोणता ? 'म्हणून' ! तो तीन वेळां आला आहे. सनावळी पुस्तकांत सांपडते, सरदारांचीं नांवेंहि सांपडतात. पण एका घटनेंतून दुसरी कशी निघाली, हें ज्यानें ऐकतां ऐकतां पकडलें त्यानें तो तास खऱ्या अर्थानें ऐकला. आणि दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे अखेरचें प्रश्नचिन्ह. आपल्याला काय कळलें नाहीं हें त्याच क्षणीं नोंदलें, तर दुसऱ्या दिवशीं शिक्षकांना विचारतां येतें. नोंदलें नाहीं, तर ती शंका विसरते, आणि न कळलेला भाग कळल्यासारखा वाटूं लागतो. परीक्षेच्या आधल्या रात्रीं घाम फोडतात त्या अशाच विसरलेल्या शंका.

शास्त्राच्या विषयांतहि हेंच तत्त्व. भूमितीच्या सिद्धांतांत प्रत्येक पायरीपुढें 'कशावरून ?' हें लिहावें. रसायनाच्या प्रयोगांत काय मिसळलें, काय दिसलें आणि त्यावरून काय ठरलें, अशा तीन निराळ्या ओळी असाव्यात. व्याख्या, सूत्रें आणि अवतरणें मात्र शब्दशः घ्यावींत. तेथें आपली भाषा चालत नाहीं.

वहीच्या पानाची रचनाहि दुर्लक्ष करण्यासारखी नाहीं. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. ओळी सारख्या असाव्यात, अक्षर सुवाच्य असावें, आणि मजकुराभोंवतीं मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर शाबूत राहील, असा त्यांचा उपदेश. जुन्या पोथ्यांचा समास राखला जाई तो असा. आजच्या विद्यार्थ्याला त्या मोकळ्या जागेचा आणखीहि एक उपयोग करतां येतो. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनीं १९६२ सालच्या आपल्या पुस्तकांत एक पद्धति सांगितली, ती जगभर मान्य झाली आहे. पानाच्या डाव्या बाजूला चार बोटें रुंदीचा पट्टा रेघ मारून कोरा ठेवावयाचा. वर्गांत फक्त उजवीकडे लिहावयाचें. आणि पानाच्या तळाशीं चारपांच ओळींची जागा सोडावयाची. संध्याकाळीं टिपण पुरें करतांना डाव्या पट्ट्यांत त्या त्या मजकुराचा प्रश्न लिहावयाचा, आणि तळाशीं सबंध पानाचा सारांश दोन वाक्यांत आपल्या शब्दांत. पानिपतच्या पानावर डावीकडे 'रसद कां तुटली ?' एवढे तीन शब्द पुरे होतील. सारांशाचीं दोन वाक्यें जुळत नसलीं, तर विषय कळला नाहीं असें खुशाल समजावें. अशी परीक्षा घरच्याघरीं आणि फुकट होते.

टिपणें झालीं, आतां त्यांचा उपयोग. बहुतेक विद्यार्थी टिपणें वाचतात. दोनदां वाचतात, तीनदां वाचतात, रंगीत पेन्सिलीनें ओळी रंगवितात. तिसऱ्या वाचनाला सारें ओळखीचें वाटूं लागतें आणि मन समाधान पावतें. हें समाधान फसवें आहे. रस्त्यांत भेटलेला चेहरा ओळखीचा वाटणें निराळें, आणि त्याचें नांव आठवणें निराळें. परीक्षेंत नांव आठवावें लागतें. रोडिगर आणि कार्पिक या दोघां अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना लहान उतारे वाचावयास दिले. मग कांहींनीं तोच उतारा पुन्हां वाचला. कांहींनीं न पाहतां जेवढें आठवलें तेवढें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं तपासलें तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते : त्यांना शेंकडा ८१ आठवलें, इतरांना ७५. परंतु आठवड्यानें पारडें फिरलें. पुन्हां वाचणारांजवळ शेंकडा ४२ च उरलें. आठवून लिहिणारांजवळ ५६. फॅरडे व्याख्यानाचा मजकूर आठवणींतून उभा करीत असे, त्याचें रहस्य जवळजवळ दोनशें वर्षांनीं आंकड्यांत मांडलें गेलें तें असें.

तेव्हां वही वाचण्याची खरी रीत म्हणजे ती झांकून वाचणें ! उजवी बाजू कागदानें झांकावी, डावीकडचा प्रश्न वाचावा, उत्तर मोठ्यानें सांगावें किंवा पाटीवर लिहावें, आणि मग कागद सरकवून पडताळून पाहावें. जेथें चुकलें तेथें खूण करावी आणि पुढच्या खेपेस तेवढेंच पुन्हां विचारावें. ही उजळणी त्याच संध्याकाळीं, मग दोनतीन दिवसांनीं, मग आठवड्यानें आणि मग महिन्यानें करावी. दर खेपेस वेळ कमी लागतो. मार्च महिन्यांत मग वह्यांची चळत घेऊन जागरण करण्याची पाळी येत नाहीं. आलीच तर अभ्यासापेक्षां संवयीनें येते.

पुस्तकावरून टिपणें काढतांना एक पथ्य अधिक पाळावें. पुस्तक उघडें ठेवून लिहूं नये. एक प्रकरण किंवा त्याचा एक भाग वाचावा, पुस्तक मिटावें, मग लिहावें. उघड्या पुस्तकाशेजारीं लिहिलेलें टिपण म्हणजे थोडक्यांत केलेली नक्कलच होते.

नकलेचीं साधनें आज पूर्वीपेक्षां पुष्कळ वाढलीं आहेत. बाजारांत तयार टिपणांचीं पुस्तकें मिळतात. फळ्याचें छायाचित्र खिशांतल्या मोबाईलवर क्षणांत घेतां येतें. मित्राची सबंध वही घरबसल्या हातीं येते. आजारी मुलाला याचा उपयोग आहे, तो नाकारण्याचें कारण नाहीं. पण दुसऱ्याचें टिपण म्हणजे दुसऱ्यानें चावलेला घांस. निवडण्याचे, जोडण्याचे आणि मांडण्याचे कष्ट त्यानें घेतले. लाभहि त्यालाच झाला. संगणकावर टिपणें घेणारांविषयीं अमेरिकेंत २०१४ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हातानें लिहिणारांपेक्षां त्यांनीं शब्द पुष्कळ अधिक उतरविले, पण वक्त्याचीच भाषा अधिक उचलली. आणि अर्थ लावण्याच्या प्रश्नांत ते मागें पडले. पुढें तशाच प्रयोगांत गुणांतील हा फरक तितका स्पष्ट दिसला नाहीं. यंत्रावर शब्दशः उतरवून घेण्याची ओढ मात्र पुन्हां दिसून आली. म्हणून यंत्राला दोष देत बसण्यापेक्षां त्या ओढीपासून सावध राहणें शहाणपणाचें. ही ओढ पेन्सिलीलाहि असूं शकते.

या कामीं घरच्या वडील मंडळींचाहि वांटा आहे. संध्याकाळीं "किती पानें लिहिलींस ?" असें विचारण्याचा प्रघात आहे. या प्रश्नानें मुलगा पानें भरावयास शिकतो. त्याऐवजीं "वही मीट, आणि आज काय शिकलास तें सांग बरें," असें विचारावें. ज्या आईनें किंवा आजीनें तो विषय कधीं शिकलेला नाहीं, ती तर या कामाला अधिकच योग्य. तिला कळेपर्यंत मुलाला सांगावें लागतें, आणि सांगतां सांगतां कोठें अडतें तें त्याचें त्यालाच समजतें. रोज पांच मिनिटें हें चाललें, तरी अनेक शिकवण्यांचें काम तें करील. सांगतांना मूल अडखळलें तर मात्र रागावूं नये; अडखळण्याची जागा सांपडावी यासाठींच हा खटाटोप आहे.

अखेरीस मंडालेच्या तुरुंगांतील एक प्रसंग आठवतो. लोकमान्य टिळकांनीं १९१०-११ च्या हिवाळ्यांत गीतारहस्याचें हस्तलिखित तेथें पेन्सिलीनें लिहून काढलें. त्यांना सुटे कागद मिळत नसत; पानें मोजलेल्या बांधीव वह्याच मिळत. १९१४ सालीं सुटका झाली, तेव्हां त्या वह्या सरकारनें लगेच परत दिल्या नाहींत. मित्रमंडळी चिंतेंत पडली. वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यांत आहे, तो पुन्हां लिहून काढूं, असें लोकमान्यांनीं त्यांना सांगितल्याचें त्यांच्या चरित्रांत वाचावयास मिळतें. पुढें वह्या परत आल्या आणि १९१५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला.

लोकमान्यांची धारणा सर्वांना कोठून येणार ! परंतु कसोटी सर्वांना तीच लागूं आहे. आज रात्रीं निजण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें दिवसाची एक वही हातीं घ्यावी, ती मिटून बाजूला ठेवावी, आणि ती हरवली असें घटकाभर समजावें. मग तींतलें जेवढें सांगतां येईल तेवढेंच आपलें. बाकीचें अजून कागदाचें आहे. तें उद्यां आपलेंसें करावयाचें.